टॅलंड हाऊस आणि आमचा सोपा

मागे एका अंकात मी माझ्या माहेरच्या घरावर लेख लिहिला होता. चिकोडी भागातलं आमचं घर, पुढचा सोपा, मागचं परडं, पर्वाच्या दिवसांत पहाटे उठून बस्तीला जाण्याची धांदल, असं सगळं त्यात होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तो वाचून फोन केले. कुणी म्हणालं, डोळ्यांत पाणी आलं. मी खूष होते. मग चार दिवसांनी अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती म्हणाली, "लेख वाचला. छान आहे. पण काय गं, आत्ती कुठं गेली?"

मला क्षणभर कळेचना ती काय म्हणते ते. मग कळलं, आणि कळल्यावर फोनवर काय बोलावं ते सुचेना. आण्णांची धाकटी बहीण, लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन परत आलेली, ती आमची आत्ती. चाळीस वर्षं त्या घराचं स्वयंपाकघर तिच्या हातात होतं. माझ्या सात पानांच्या लेखात सोप्याचे खांब किती ते होतं, परड्यातल्या शेवग्याचं झाड होतं, आणि आत्तीचा उल्लेख एका ओळीचाही नव्हता.

ही हकिकत आधी सांगितली कारण पुढे ज्या पुस्तकांबद्दल लिहिणार आहे ती मी या फोननंतर वाचली, आणि त्यामुळे कदाचित जरा वाकड्या नजरेनं वाचली. वाचकांनी तेवढं धरून चालावं.

व्हर्जिनिया वुल्फ हे नाव आमच्या वेळच्या बी.ए.च्या मुलींना माहीत होतं ते परीक्षेपुरतं. 'टू द लाइटहाऊस' मी तेव्हा गाइडवरून वाचली होती म्हणायला हरकत नाही. यंदा चातुर्मासात लेकीनं पुण्याहून येताना दोन पुस्तकं आणली. एक ही कादंबरी, आणि दुसरं 'मोमेंट्स ऑफ बीइंग'. त्यात 'अ स्केच ऑफ द पास्ट' नावाचा मोठा आठवणींचा लेख आहे. दुपारची आवराआवर झाली की डिक्शनरी शेजारी घेऊन मी रोज दहा-बारा पानं वाचत गेले. दोन्ही पुस्तकांच्या मुळाशी एकच घर आहे. म्हणून दोन्हींचा विचार एकत्रच केलेला बरा.

ते घर कुठलं? इंग्लंडच्या नकाशात खाली डावीकडे जे टोक समुद्रात घुसलेलं दिसतं ते कॉर्नवॉल. कथिलाच्या खाणी आणि मासेमारी ही तिथली जुनी पोटापाण्याची साधनं. आपल्या कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत कॉर्नवॉलचे खाणकामगार येऊन राहिले होते, ते याच मुलखातले. या कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्ह्ज नावाचं एक छोटं बंदराचं गाव आहे. चढउताराच्या अरुंद गल्ल्या, ग्रॅनाइटची घरं, सगळीकडे माशांचा वास. व्हर्जिनियाचे वडील लेस्ली स्टीफन हे लंडनचे मोठे विद्वान. त्यांना पायी भटकायचा नाद. अशाच एका भटकंतीत, 1881 साली, त्यांना हे गाव सापडलं आणि त्यांनी गावाबाहेरच्या चढावरचं टॅलंड हाऊस भाड्यानं घेतलं. 1882 च्या जानेवारीत व्हर्जिनिया जन्मली. त्या वर्षापासून 1894 पर्यंत दर उन्हाळ्यात हे कुटुंब लंडनहून दिवसभराचा आगगाडीचा प्रवास करून तिथे जात असे. आई, वडील, दोघांच्या आधीच्या लग्नांची आणि या लग्नाची मिळून आठ मुलं, स्वयंपाकीण, नोकर, पाहुणे. घरासमोर खाडी, आणि खाडीपलीकडे गॉडरेव्हीचा दीपस्तंभ. तो 1859 पासून तिथे उभा आहे. बागेत एस्कलोनियाच्या कुंपणांनी केलेले कोपरे, एका ठिकाणी क्रिकेटचं मैदान. व्हर्जिनिया गोलंदाजी चांगली करायची, हे वाचून मला फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

1895 च्या मे महिन्यात आई, ज्युलिया, वारली. व्हर्जिनिया तेरा वर्षांची होती. त्यानंतर ते घर सोडून दिलं गेलं. म्हणजे आठवणीतलं सेंट आइव्ह्ज हे आई असेपर्यंतचंच आहे. आई गेली आणि गावही गेलं. माहेर संपणं म्हणजे काय, हे आपल्याला लग्नानंतर तीसेक वर्षांनी समजतं, हिला तेराव्या वर्षी समजलं.

एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. ही ज्युलिया जन्मली कलकत्त्याला, 1846 साली. तिचे वडील तिथे डॉक्टर होते. ती अगदी लहान असतानाच तिला विलायतेला नेलं, त्यामुळे हिंदुस्थान तिच्यात किती उरला असेल कोण जाणे, मी त्यावर उगाच काही बांधणार नाही. मला तिच्याबद्दल आवडलं ते वेगळंच. आजाऱ्यांची शुश्रूषा हा तिचा ध्यास. 1883 मध्ये तिनं 'नोट्स फ्रॉम सिक रूम्स' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तिनं आजाऱ्याच्या अंथरुणात सापडणाऱ्या पावाच्या चुऱ्याबद्दल लिहिलंय. जगातल्या इतक्या गोष्टींच्या उगमाचा शोध लागला, पण या चुऱ्याचा उगम कुणाला सांगता येत नाही, अशा अर्थाचं. सासूबाईंच्या आजारपणात चौदा महिने चादरी झटकलेल्या बाईला हे वाचून हसू येतं आणि लिहिणारीबद्दल विश्वासही वाटतो. लेकीचा विनोद कुठून आला ते कळतं.

आता 'अ स्केच ऑफ द पास्ट'. हा लेख तिनं 1939 आणि 1940 मध्ये लिहिला. लेखात सुरुवातीलाच ती सांगते की बहीण व्हनेसा म्हणाली, आता आठवणी लिहायला घेतल्या नाहीस तर फार म्हातारी होशील. तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची. बाहेर युद्ध सुरू होणार होतं. हा लेख पुरा झाला नाही. 1941 च्या मार्चमध्ये ती गेली, आणि लेख छापून आला 1976 साली.

पहिली आठवण कुठली, इथून ती सुरू करते. आईच्या काळ्या कपड्यावरची तांबडी-जांभळी फुलं, आपण आईच्या मांडीवर, कदाचित सेंट आइव्ह्जला जाताना, पण बहुधा लंडनला परतताना. मग दुसरी: मुलांच्या खोलीत अर्धवट झोपेत पडलोय, पिवळ्या पडद्यामागे लाटा फुटताहेत, पडद्याच्या दोरीचं लाकडी बोंड वाऱ्यानं फरशीवर घासत जातंय. बस्स, एवढंच. पण मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसले. माझीही पहिली आठवण आवाजाचीच आहे. रवीचा. माजघरात ताक घुसळल्याचा. आणि ती रवी कोण फिरवत होतं, हे मी पंचावन्न वर्षांत कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

या लेखात एक वाक्य असं नाही की जे नुसतं गोड आहे. हे मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटलं. आईबद्दल ती कबूल करते की आपण आईबरोबर काही मिनिटांपेक्षा जास्त वेळ एकट्या कधी होतो असं आठवतच नाही. मध्ये सारखं कुणीतरी यायचं. मोठ्या घरात वाढलेल्या आपल्यापैकी कुणाला हे पटणार नाही? आपण आईच्या प्रेमावर पानंच्या पानं लिहितो, पण आई आपल्या एकटीच्या वाट्याला कितीशी आली, हे मोजायला धजत नाही. वडिलांबद्दल तर ती फारच रोखठोक आहे. आई गेल्यावर, सावत्र बहीणही गेल्यावर, घरखर्चाची वही दर बुधवारी व्हनेसानं वडिलांपुढे ठेवायची आणि त्यांनी छाती पिटून आकांत करायचा, व्हनेसानं दगडासारखं उभं राहायचं. हे लंडनच्या घरातलं. इतका मोठा विद्वान, पण बाहेरच्या पुरुषांपुढे कधी असा वागला नाही, फक्त घरातल्या बायकांपुढे वागला, हे ती बरोबर टिपते.

आणि टॅलंड हाऊसमधलीच एक गोष्ट. जेवणघराच्या दाराबाहेर ताटं-भांडी ठेवायला एक कट्टा होता. ती अगदी लहान असताना, आईच्या आधीच्या लग्नाच्या मुलानं, तिच्याहून बारा वर्षांनी मोठ्या भावानं, त्या कट्ट्यावर बसवून तिच्या अंगाशी गैर चाळे केले. ही आठवण ती लाटांच्या आठवणीनंतर थोड्याच पानांवर, त्याच सरळ भाषेत लिहिते. आपल्या शरीराची लाज कुठून आली, याचा शोध घेताना ती तिथे पोचते. मी हे गाळून पुढे जाणार होते. आपल्या वाचक बायका, आपला समाज, कशाला तो विषय, असं मनात आलं. पण अक्काचा फोन आठवला. गाळण्यात माझा हात चांगलाच बसलेला आहे. आणि तसंही, हे वाचणाऱ्या काही जणींना त्या कट्ट्याचं वर्णन समजावून सांगावं लागणार नाही. घरातल्या आठवणींत असा एखादा कट्टा असू शकतो, आणि तो असूनही ते घर आयुष्यातलं सर्वांत उजेडाचं घर असू शकतं. तिनं दोन्ही लिहिलं. एकाच्या बदल्यात दुसरं खोडलं नाही.

आता मासे. जैन बाईनं सेंट आइव्ह्जबद्दल वाचायचं म्हणजे मासे टाळता येत नाहीत. गावच त्यांच्यावर चालायचं. पिल्चर्ड नावाच्या माशांची झुंड खाडीत येण्याची वाट बघत होड्या नांगर टाकून उभ्या असत. ही मुलं झाडांना गोड पाक फासून रात्री पाखरं पकडत. हे सगळं वाचताना मी दोन-तीनदा पान उलटलं, खोटं कशाला सांगू. पण त्यातच एक जागा अशी आली की मी ती अक्काला फोनवर वाचून दाखवली. व्हर्जिनियाला लहानपणी होडीतून मासे धरायचं भारी वेड. एकदा वडील होडीत बरोबर होते. परतताना ते एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी मासे धरायला जाणार असाल तर मी येणार नाही, मला मासे पकडलेले बघवत नाहीत. तुला जायचं तर जरूर जा. रागावले नाहीत, मनाई केली नाही. आणि तिचं ते वेड हळूहळू उतरलं. हाच तो घरखर्चाच्या वहीपुढे छाती पिटणारा बाप, हे विसरू नका. माणूस एकसंध नसतो.

आमचे आण्णाही असेच होते. मी बेळगावला कॉलेजात असताना बटाटेवडा खाऊ लागले होते, आणि त्यांना ते कळलं. ते म्हणाले, "मला नको. तू खा." बस्स. अक्का हे ऐकून म्हणाली, "मग तू सोडलास?" नाही. खरं सांगायचं तर सोडायला मला आणखी बारा वर्षं लागली. पण त्यानंतरच्या प्रत्येक वड्याबरोबर ते चार शब्द असायचे.

याच लेखात आणखी एक प्रसंग आहे. हिरवळीवर भाऊ थोबीशी मारामारी चाललीय. मारायला हात उचलला आणि मनात आलं, दुसऱ्याला इजा कशासाठी करायची? हात खाली आला, आणि ती मार खात उभी राहिली. तिला त्यातून शांती मिळाली असं ती म्हणत नाही. उलट स्वतःच्या दुबळेपणाची भीषण जाणीव झाली, असं म्हणते. आपण अहिंसेवर प्रवचनं ऐकतो तेव्हा हा भाग कुणी सांगत नाही, की हात खाली आल्यावर पहिल्यांदा जे वाटतं ते समाधान नसतं. तिला आपल्या धर्माची काहीच माहिती असण्याचं कारण नाही, आणि मी तिला ओढून आपल्यात बसवत नाही. पण मुलाच्या मनात तो प्रश्न कसा उगवतो, हे इतक्या प्रामाणिकपणे मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

'टू द लाइटहाऊस' ही कादंबरी या लेखाच्या बारा वर्षं आधीची, 1927 ची. वाचकांपैकी ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रॅमसे कुटुंब समुद्रकाठच्या घरी सुट्टीला आलंय. सहा वर्षांच्या जेम्सला दीपस्तंभावर जायचंय. आई म्हणते जाऊ, वडील म्हणतात उद्या हवा चांगली नसणार. जाणं होत नाही. मग दहा वर्षं जातात, आई मरते, एक मुलगी बाळंतपणात जाते, एक मुलगा लढाईत जातो. घर ओस पडतं. शेवटी म्हातारा बाप उरलेल्यांपैकी दोन मुलांना घेऊन दीपस्तंभावर जातो, आणि लिली नावाची चित्रकार बाई तिकडे हिरवळीवर आपलं अडलेलं चित्र पुरं करते.

दीपस्तंभावर जाणं राहून गेलेला मुलगा खरोखरच घरात होता. ही मुलं घरातल्या घरात एक वर्तमानपत्र काढत, 'हाइड पार्क गेट न्यूज' नावाचं. 1892 च्या सप्टेंबरच्या अंकात बातमी आहे की दीपस्तंभावर होडी निघाली, आणि धाकट्या एड्रियनला जाऊ दिलं नाही म्हणून तो फार हिरमुसला. दहा वर्षांच्या बहिणीनं ते पाहिलं, आणि पस्तीस वर्षांनी त्याची कादंबरी केली. हे मला फार मोठं वाटतं. स्वतःचं दुःख सगळेच लक्षात ठेवतात.

कादंबरीत तिनं सेंट आइव्ह्जचं नाव काढून सगळं स्कॉटलंडच्या स्काय बेटावर नेलं. का नेलं कोण जाणे. पण बाग मात्र कॉर्नवॉलचीच राहिली. एका वाचकानं तिला पत्र लिहून कळवलंदेखील की त्या बेटांवर ही झाडं, हे पक्षी, ही फुलं नसतात. तिनं चूक मान्य केली आणि बहिणीला गमतीनं कळवली. आठवणीतलं झाड उपटून दुसरीकडे लावता येत नाही, लावलं तरी ते जुन्याच मातीत फुलतं, असं काहीसं झालेलं दिसतं.

श्रीमती रॅमसे म्हणजे ज्युलिया, यात शंका नाही. व्हनेसानं कादंबरी वाचून लिहिलं की आई जणू मरणातून उठून समोर आली. घर चालवणाऱ्या बाईचं मन इतकं आतून मी क्वचित वाचलंय. पाहुण्यांशी बोलता बोलता तिच्या डोक्यात काचघराच्या छपराच्या दुरुस्तीचे पन्नास पौंड घोळत असतात. दारं उघडी टाकलीत कुणीतरी. दीपस्तंभावरच्या आजारी मुलासाठी मोजा विणून होईल का नाही. आणि ती रात्रीची जागा! मुलांच्या खोलीत भिंतीवर जनावराची कवटी टांगलेली. मुलीला तिच्या भीतीनं झोप येत नाही, मुलगा ती काढू देत नाही. आई काय करते? आपली शाल काढून कवटीभोवती गुंडाळते. मुलीला सांगते, हे बघ, आता हा डोंगर झाला, पक्ष्याचं घरटं झालं. मुलाला हळूच सांगते, कवटी आहे हं, तिथेच आहे. दोघंही झोपतात. आपल्या आया, सासवा, आपण स्वतः, जन्मभर दुसरं काय करत आलो? अशी भिंतीवरची कवटी न काढता शाल गुंडाळत आलो. माझा माहेरावरचा लेखही तीच शाल होती.

पण इथेच माझी तक्रार सुरू होते.

पहिल्या भागात रात्रीच्या जेवणाचा मोठा प्रसंग आहे. सगळे टेबलाभोवती जमतात आणि एक पदार्थ येतो. तो कशाचा असतो ते आपल्याकडे सांगायची सोय नाही, फ्रेंच पद्धतीचा मांसाचा रस्सा म्हणा. तो तीन दिवस मुरवलेला आहे. पाहुणे वाहवा करतात, आणि श्रीमती रॅमसे सांगतात की ही माझ्या आजीची कृती. कौतुक त्यांना मिळतं. पण तीन दिवस चुलीपाशी राबली ती मिल्ड्रेड. स्वयंपाकीण. भांडं मोलकरीण आणून ठेवते, मिल्ड्रेड दाराआडच राहते. समीक्षकांनी या प्रसंगावर पुष्कळ लिहिलंय, त्या जेवणात सगळी माणसं कशी एक होतात वगैरे. ते खोटं नाही. पण माझ्यासारख्या बाईचं लक्ष त्या बंद होणाऱ्या दाराकडेच जातं.

आठवणींच्या लेखातही तसंच. टॅलंड हाऊसमध्ये मोठ्यांचं जेवण चाललं की वरच्या खोलीतून मुलं दोरीला टोपली बांधून खाली स्वयंपाकघराच्या खिडकीशी सोडत. स्वयंपाकीण सोफी खुशीत असली तर टोपली भरून वर यायची. रागात असली तर दोरी कापलेली. वुल्फला टोपलीचं हलकं होणं आठवतं, जड होणं आठवतं. सोफी त्या दिवशी रागात का होती, हे तिनं विचारलेलं नाही. मूल विचारणार नाही, ठीक आहे. सत्तावन्न वर्षांची लेखिका विचारू शकली असती.

आता कुणी म्हणेल, दुसरा भाग विसरलात का? विसरले नाही. रिकाम्या घराचा तो भाग म्हणजे कादंबरीतलं शिखर आहे, हे मी मान्य करते. पुस्तकांना बुरशी, खोल्यांत वारा, शालीचा एकेक पदर सुटत कवटी उघडी पडणं. आणि सत्तरीला टेकलेली मिसेस मॅकनॅब हातात बादली घेऊन येते, जमेना म्हणून मिसेस बास्टला बोलावते, आणि दोघी म्हाताऱ्या मिळून ते घर कोसळता कोसळता वाचवतात. घर उभं राहतं ते या दोघींमुळे, चित्रकारामुळे नाही, प्रोफेसरामुळे नाही. हे वुल्फनं लिहिलं, आणि तिच्या काळात तिच्या वर्गातल्या फार थोड्या लोकांनी लिहिलं असतं. मॅकनॅबबाईला एक आठवणही दिलीय: करड्या झग्यातली मालकीण, आणि तिच्यासाठी ठेवलेली दुधाच्या सूपची वाटी. पण तिच्या डोक्यात काय चालतं, हे सांगायची वेळ आली की लेखिका हात आखडता घेते. ती झोकांड्या खाते, डोळे तिरपे करते, कसलंतरी जुनं गाणं पुटपुटते, तिला फारशी अक्कल नाही असंही सुचवलं जातं. श्रीमती रॅमसेंना मोजा विणताना जेवढं मन मिळतं, तेवढं हिला फरशी घासताना मिळत नाही. फरशी घासताना मन जास्त चालतं, हे मी अनुभवानं सांगू शकते.

आपल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' यासाठी मला जवळची. भाषेची कारागिरी वुल्फजवळ अफाट, त्याबद्दल वादच नाही. पण लक्ष्मीबाई चुलीपाशी बसून लिहितात. पीठ सांडलं, नवरा रुसून निघून गेला, सोवळ्याओवळ्याच्या वेडापायी घरादाराचं काय झालं, हे सगळं त्या आतून आणि हसत सांगतात. वुल्फ जेवणघरापर्यंत येते, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबते. टोपली सोडते.

हे सगळं अक्काला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या बाईनं निदान सोफीचं नाव तरी लिहिलंय. तू तेही नाहीस." बरोबर आहे.

एक प्रसंग मात्र राहिला. 1905 च्या ऑगस्टमध्ये, वडीलही गेल्यानंतर, चौघं सख्खी भावंडं सेंट आइव्ह्जला परत गेली. पोचल्या रात्रीच अंधारातून चढ चढून टॅलंड हाऊसपाशी गेली. कुंपणाआड उभं राहून बघितलं. खिडक्यांत दिवे होते. आत दुसरी माणसं राहत होती. पुढे गेलं, कुणी हाक मारली, तर सगळं मोडेल, म्हणून ती तशीच अंधारात मागे फिरली. पुढच्याच वर्षी थोबी टायफॉइडनं गेला. पुन्हा त्या कुंपणाशी चौघं उभी राहायची नव्हती.

आमचं घर विकून एकवीस वर्षं झाली. घेणाऱ्यांनी सोपा पाडून तिथे दुकानाचे गाळे काढलेत. अक्का आणि मी गेल्या दिवाळीनंतर एका लग्नाला त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा गाडी थांबवून रस्त्यापलीकडे उभ्या राहिलो. मी सोप्याचे खांब कुठे असतील ते शोधत होते. अक्का मागच्या बाजूला बघत होती. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "चुलीचं धुराडं. तिथं होतं ना."

आता आत्तीवर लिहायचं ठरवलंय. वही घेऊन बसले आणि पाच ओळींच्या पुढे जाईना. पांढरी साडी. ताकाची रवी. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची ताटं वाढून व्हायची, तिचं सगळ्यात शेवटी, कधी कधी उजेड संपायचा आणि ती तशीच उठायची. मी अक्काला फोन लावून विचारलं, तिला आणखी काय आवडायचं, काय बोलायची. अक्का बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चष्मा होता की तिला. एका बाजूला दोरा बांधलेला. स्वाध्यायाला बसायची, पण वाचायची नाही, पुस्तक नुसतं उघडं धरायची. अक्षर येत नव्हतं तिला. आईनं कुणाला सांगितलं नव्हतं."

मला चष्मा आठवत नाही.